दाराचं रबर

सकाळचे सहा चाळीस. ११ एप्रिल १९९८, पवित्र शनिवार, म्हणजे ईस्टरचा आदला दिवस. दोनतळीच्या चर्चशेजारच्या हॉलच्या ओट्यावर रोझमेरी एका जुन्या इस्त्रीची परीक्षा घेत होती. इस्त्री आदल्या दिवशी वसई रोडच्या एका नव्या सोसायटीतून आली होती. रोझमेरीने ती आधी लाकडी फळीवर बसवलेल्या बल्बमधून जोडून पाहिली. तारेत कुठे गडबड असेल तर हा बल्ब आधी सांगतो. मग टेस्टरने तिचा पत्रा चारी बाजूंनी टोचला. मग ती तापवली, एक हातरुमाल कडक केला, वायर गुंडाळली आणि वायरीला लाल दोरा बांधला. लाल दोरा म्हणजे पास.

दोनतळी ही उमेळ्याच्या अलीकडची वाडी. केळीच्या बागा अजून आहेत, पण त्यांच्या टोकाला इमारती येऊन उभ्या राहिल्या आहेत. रोझमेरीचं वय चोपन्न. सातिवलीत बटणं आणि सॉकेट बनवणाऱ्या एका कारखान्यात तिने वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली. हातात येईल तो नग चालू करायचा, बंद करायचा, चांगला असेल तर उजवीकडे, नसेल तर डावीकडे. कारखाना बंद झाला तेव्हा ही सवय तिच्याकडे शिल्लक राहिली. नवरा त्याआधीच गेला होता, मुलगी ॲनिशा लग्न होऊन बोरिवलीला. याच सुमारास लोक जुने फ्रीज काढून नवे घेऊ लागले होते. चर्चने आवाहन केलं, की जुन्या वस्तू भंगारात घालू नका, जव्हारच्या पुढे आदिवासी मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथे पाठवू. वस्तू कोण बघणार, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी रोझमेरीकडे पाहिलं.

तिचा नियम एकच होता. आपल्या घरी जे चालत नाही ते दुसऱ्याच्या घरी पाठवायचं नाही. फ्रीज आला की तो एक रात्र हॉलमध्ये चालवायचा. सकाळी ट्रेमध्ये बर्फ असला तर पास. मिक्सरमध्ये मूठभर सुकं खोबरं. पंखा तीनही वेगांवर. जे नापास होईल ते सातिवलीच्या भंगारवाल्याकडे. देणारे कधी नाराज व्हायचे. एकदा एका बंगलेवाल्याने ऐकवलं होतं, "गरिबांना द्यायचंय की प्रदर्शनात मांडायचंय?" रोझमेरीने त्याचा फ्रीज त्याच्याच टेम्पोत परत चढवला.

इस्त्री बाजूला ठेवून ती आतल्या खोलीकडे वळली. आजचं मोठं काम तिथे होतं. खोलीतले टीव्ही पुसून ठेवायचे होते.

हे टीव्ही दानाचे नव्हते. यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या बुधवारी, कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू झाला, तेव्हा फादरांनी सुचवलं होतं की या वेळी मांसमच्छीबरोबर टीव्हीचाही उपवास करा. वाडीला कल्पना आवडली. निदान बायकांना आवडली. पण टीव्ही घरात आणि बटण बंद, हा उपवास दोन दिवससुद्धा टिकेना. त्यात क्रिकेटची कसोटी तोंडावर आली होती. तेव्हा ठरलं की टीव्ही घराबाहेरच काढायचे, चर्चच्या हॉलमध्ये ठेवायचे आणि ईस्टरला, सकाळच्या मिस्सेनंतर, चर्चमधली प्रार्थना सुटली की, परत न्यायचे. दहाबारा घरांनी ते केलं. बैलगाडीतून, हातगाडीवरून, एकाने स्कूटरवर मागे बायकोच्या मांडीवर, असे टीव्ही आले. प्रत्येकाने पाठीमागे घराच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. त्या महिन्यात वाडीतले पुरुष वसई रोडच्या न्हाव्याकडे नको तितक्या वेळा गेले, कारण न्हाव्याच्या दुकानात टीव्ही होता.

कोरडी खोली एकच होती, त्यामुळे उपवासाचे टीव्ही आणि दानाच्या वस्तू एकत्र ठेवाव्या लागल्या. दोन्हींत घोटाळा होऊ नये म्हणून रोझमेरीने टीव्हींवर जांभळी कापडं घातली. ती चर्चचीच होती. उपवासकाळाच्या शेवटच्या पंधरवड्यात पुतळे झाकायला वापरतात ती. इतर वेळी पेटीत पडून असतात.

मागची खेप जव्हारला गेल्यापासून नवं काही आलं नव्हतं, त्यामुळे दोन आठवड्यांत तिने ही खोली उघडली नव्हती. तिने कुलूप काढलं, दार ढकललं. खोली रिकामी होती.

कोपऱ्यात एक नापास मिक्सर होता आणि सुतळीचा गुंडा. टीव्ही एकही नव्हता. ती आत गेली नाही. उंबऱ्यावर उभी राहून तिने बटण दाबलं, दिवा लावला, जणू उजेड नीट पडला की टीव्ही दिसतील. मग दिवा बंद करून पुन्हा लावला.

चर्चची देखभाल करणारा सॅमी अंगणात झाडत होता. तिने त्याला हाक मारली.

"सॅमी, जांभळी कापडं कुठायत?"

"पुतळ्यांवर. आज संध्याकाळी काढायची."

"टीव्हीवर होती ती विचारते मी."

"तीच ती, बाय. उपवासाच्या पाचव्या रविवारच्या आदल्या दिवशी नेली की. पुतळे उघडे ठेवू काय?"

"मला सांगितलंस?"

"दर साली नेतो. त्यात सांगायचं काय? तुमच्या टीव्हींना काय थंडी वाजत होती?"

पुढचं तिला विचारावं लागलं नाही. कापडं दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी गेली. सोमवारी वसतिगृहाला जाणारा टेम्पो आला. त्या सोमवारी ती निर्मळला एका मयताला गेली होती आणि टेम्पोवाल्या जितेशला तिने आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं होतं, की चावी खिळ्याला आहे, जांभळं कापड असेल त्याला हात लावू नको, बाकी सगळं घे.

तिने फादरांच्या ऑफिसमधून सातिवलीला फोन लावला.

"आंटी, कापड कशावरच नव्हतं," जितेश म्हणाला. "म्हणून सगळं घेतलं. मला वाटलं, ह्या टायमाला लोकांनी मन मोठं केलं."

"मागे नावांच्या चिठ्ठ्या होत्या ना, जितेश!"

"दान देणाऱ्याचं नाव असेल असं वाटलं. लोक देवळात पंखा दिला तर पात्यावर नाव लिहितात, आंटी. पंखा फिरायला लागला की वाचता पण येत नाही, तरी लिहितात."

"टेम्पो घेऊन ये. आत्ता."

तो येईपर्यंत व्हिन्सेंट आला. व्हिन्सेंट रोझमेरीचा चुलत दीर, चर्चच्या समितीचा प्रमुख, बँकेतून निवृत्त. त्याचा स्वतःचा एकवीस इंची रंगीत टीव्ही त्या खोलीत होता, म्हणजे नव्हता. सगळं ऐकून तो ओट्यावर बसला आणि रिकाम्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला.

"डिसोजांचा टीव्ही कुवेतवरून आलेला आहे," तो शेवटी म्हणाला. "लोपीसच्या पोराने पहिल्या पगारातून घेतलेला. वहिनी, लोकांनी देवासाठी सोडलेली वस्तू आहे. चोरी झाली असती तरी लोक बोलले नसते इतकं बोलतील."

"मी आणते परत."

"आणि तिथे पोरींनी लावले असले तर? चालू टीव्ही पोरींच्या समोरून उचलून आणणार?"

रोझमेरीने खोलीचं दार ओढून घेतलं. हाच विचार तिच्याही डोक्यात होता.

"उद्या आठच्या मिस्सेनंतर लोक येणार," व्हिन्सेंट म्हणाला. "टीव्ही इथे नसले तर मंगळवारपासून या खोलीला समितीचं कुलूप. मग तुमचं हे काम बंद. मला आवडेल म्हणून नाही सांगत. दुसरं काही करता येणार नाही."

सव्वासातला टेम्पो निघाला. रोझमेरीच्या पर्समध्ये टेस्टर होता. प्रत्येक टीव्ही तिथे लावून, बघून, मगच चढवायचा, असं तिने ठरवलं होतं. वाटेत काही बिघडलं असं नंतर कुणी म्हणायला नको.

चार वर्षं वस्तू पाठवून ती त्या वसतिगृहात एकदाही गेली नव्हती. कारण साधं होतं. सासू गेल्या दिवाळीत गेली, तोपर्यंत अंथरुणाला खिळलेली होती. तिला चार तास एकटं सोडता येत नव्हतं, मग आठ तास कुठून. पण वसतिगृह कसं असेल हे रोझमेरीला पाठ होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सेलिनचा फ्रीज. झोपायच्या खोलीत दोन टेबलफॅन. रविवारी रांगेने शाळेच्या गणवेशांना इस्त्री करणाऱ्या मुली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने लाल दोरे बांधता बांधता ते ठरवलं होतं.

सेलिन तिची शेजारीण. मागच्या वर्षी सेलिनच्या मुलाने दोन दारांचा फ्रीज घेतला आणि लग्नात मिळालेला जुना फ्रीज तिने दानात दिला. तेव्हापासून टेम्पो जाऊन आला की ती कुंपणावरून विचारायची, "माझा फ्रीज बरा हाय ना?" सासरी पाठवलेल्या पोरीची चौकशी करावी तशी. आणि रोझमेरी सांगायची, "मस्त चाललाय."

जव्हार मागे पडलं. टेम्पो डांबरी रस्ता सोडून खडीच्या वाटेला लागला. वाटेच्या कडेने विजेचे खांब उभे होते. रोझमेरीने ते पाहिले आणि तिला बरं वाटलं. खांबांच्या टोकांकडे तिने पाहिलं नाही.

वसतिगृह म्हणजे कौलारू छपराखाली तीन खोल्या आणि शेणाने सारवलेलं अंगण. सुट्टी असूनही काही मुली तिथेच राहिलेल्या होत्या. वसतिगृह सांभाळणाऱ्या वसुंधराताई, साताऱ्याकडच्या, चाळिशीच्या, पदर खोचून बाहेर आल्या. रोझमेरीचं नाव ऐकल्यावर त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"तुम्हाला बघायचं होतं किती दिवस. या, आधी पाणी घ्या."

"टीव्ही," रोझमेरी म्हणाली. "चुकून आलेत ते. सांगायला लाज वाटते, पण परत न्यावे लागतील."

"न्या की," वसुंधराताई म्हणाल्या. एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती, उलट सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "शेवटच्या खोलीत आहेत. आल्या दिवसापासून हात लावलेला नाही. तिथल्या एका रिकाम्या खोक्यात कोंबडी बसते, तेवढं बघून घ्या."

टीव्ही होते. एकावर एक, ताडपत्रीखाली, सगळे. चिठ्ठ्यासुद्धा जागच्या जागी. रोझमेरीने डिसोजांच्या टीव्हीची वायर सोडली, टेस्टर काढला आणि भिंतीकडे बघितलं. मग दुसऱ्या भिंतीकडे. मग ती दारामागे वाकून बघून आली.

"मेन कुठाय?" तिने विचारलं.

"कसला मेन?"

"मेन स्विच. मीटर. टीव्ही लावून बघायचेत मला."

वसुंधराताईंनी जितेशकडे पाहिलं. जितेशने अंगणाकडे पाहिलं.

"लाइट नाही इथे," वसुंधराताई म्हणाल्या. "खांब तीन वर्षांपूर्वी आले. तारा अजून यायच्यात."

रोझमेरीच्या हातात टेस्टर तसाच होता. जितेश नंतर म्हणाला की त्याला वाटलं आंटीला ऐकूच आलं नाही. तिने आणखी एकदा चारी भिंतींवरून नजर फिरवली, खालपासून वरपर्यंत, सावकाश. कारखान्याच्या टेबलावर नग बघायची तशी. एका खिळ्याला कंदील टांगलेला होता.

"आज गेलीय, की..."

"नाहीच आहे. कधीच नव्हती."

"मग माझे फ्रीज?"

वसुंधराताई तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे, विटांवर, तीन फ्रीज पाठीवर आडवे झोपवलेले होते, दारं आभाळाकडे. मधला सेलिनचा. त्याच्या कोपऱ्यातला पोचा रोझमेरीने ओळखला. एक मुलगी आली, तिने दार पेटीच्या झाकणासारखं वर उचललं, मिक्सरच्या भांड्याने तांदूळ मापून घेतले आणि दार सोडून दिलं. दार मऊ आवाज करून बसलं.

"उंदीर," वसुंधराताई म्हणाल्या. "इथे कणगी टिकत नाही, पोतं टिकत नाही, पत्र्याच्या डब्याचं झाकण पाडतात. वर्षाचं धान्य पावसाआधी भरावं लागतं, नंतर रस्ता बंद. पूर्वी श्रावणापर्यंत तिसरा हिस्सा उंदीर खायचे आणि उरलेल्याला वास यायचा. ह्याच्या दाराला ते रबर आहे ना, त्यातून मुंगीसुद्धा जात नाही. ही खोली मी कुलपात ठेवते, पोरींनी खेळताना आत बसू नये म्हणून. पण धान्य राहतं."

रोझमेरी ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. ती बाकीच्या वस्तू बघत होती. कपडे धुण्याच्या यंत्राच्या ड्रममध्ये नाचणी. टेबलफॅनची जाळी अंगणात कोंबडीच्या पिलांवर पालथी. गेल्या महिन्यातली इस्त्री दाराला अडसर म्हणून लावलेली, आणि तिच्या वायरीला अजून लाल दोरा.

"चार वर्षं," ती म्हणाली. "मी रात्रभर चालवून बघते. बर्फ जमला तरच पाठवते."

"माहीत आहे. जितेशने सांगितलं होतं. पोरी हसल्या होत्या, खोटं कशाला सांगू."

"मग मला का नाही कळवलंत?"

वसुंधराताईंनी पदराने चुलीजवळचा पाट पुसला आणि तो तिच्याकडे सरकवला. "पहिल्या खेपेला कळवणार होते. पण त्याच टेम्पोत तांदळाच्या गोण्या होत्या, तेलाचे डबे, चादरी. वीज नाही म्हटलं आणि तुम्ही टेम्पोच थांबवला तर? देणाऱ्याला नाही म्हणायची हिंमत नाही झाली. दुसऱ्या खेपेला वाटलं, आता सांगितलं तर पहिल्यांदा का लपवलं विचाराल. मग राहूनच गेलं." त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं. "बंद पडलेले कधी येत नाहीत का तुमच्याकडे? फ्रीज म्हणते मी. आम्हाला चालतील. फक्त दाराचं रबर घट्ट पाहिजे. आणखी दोनतीन मिळाले तर यंदाचं सगळं धान्य आत बसेल."

रोझमेरी पाटावर बसली. बंद पडलेले फ्रीज येत होते. चालू येत त्याहून जास्त. ते तिने स्वतः, एकेक करून, सातिवलीच्या भंगारवाल्याकडे पाठवले होते. तिथे दार वेगळं होतं, पत्रा वेगळा आणि रबर फेकून देतात.

निघण्याआधी तिने तिन्ही फ्रीजची दारं उचलून आतल्या धान्यात हात घातला आणि दारं पुन्हा लावून पाहिली. परतीच्या वाटेवर, जव्हार आलं तेव्हा, ती जितेशला म्हणाली, "तुला माहीत होतं."

"आंटी, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत असून मी बर्फ जमवत बसले असते?"

"मला काय माहीत? तुम्ही कारखान्यात काम केलेल्या. मी म्हटलं, काहीतरी कायदा असेल." थोड्या वेळाने तो म्हणाला, "एकदा विचारणार होतो. पण तुम्ही तो मिक्सर खोबऱ्यावर चालवून बघत होता, आणि मला चटणी दिलीत. मग नाही विचारलं."

संध्याकाळी पाचला टेम्पो दोनतळीत शिरला. व्हिन्सेंट हॉलच्या पायरीवर होता. चिठ्ठ्या बघत बघत त्याने एकेक टीव्ही उतरवून घेतला. शेवटचा आत गेल्यावर त्याने रुमालाने मान पुसली.

"सुटलो. आता हे झाकलं. कुणाला काही बोलायचं नाही, सॅमीलाही सांगतो."

"तिथे लाइट नाही, व्हिन्सेंट."

"गेली असेल."

तिने सगळं सांगितलं. इस्त्रीचं ऐकल्यावर व्हिन्सेंटने एकदाच, "दाराला?" असं विचारलं. मग खोलीतल्या टीव्हींकडे बघत उभा राहिला. सकाळी रिकाम्या खोलीकडे बघत होता, तसाच.

"हे तर अजिबात बोलायचं नाही," तो अखेर म्हणाला. "वहिनी, लोक देतात ते कशासाठी? आपली वस्तू कुठेतरी चालते आहे म्हणून देतात. त्यात धान्य भरतात म्हटल्यावर कोण देईल? वस्तू थांबल्या की टेम्पोचं भाडं कुणी देणार नाही. टेम्पो थांबला की त्यांचे तांदूळ थांबले. पोरींच्या पोटावर पाय देणार तुम्ही, कशासाठी? खरं बोलायचं म्हणून?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रोझमेरीनेही ते चुकीचं आहे असं म्हटलं नाही.

"आणि सेलिन कुंपणावरून विचारील तेव्हा काय सांगू?"

"आजपर्यंत सांगत होता तेच."

"आजपर्यंत मला माहीत नव्हतं," रोझमेरी म्हणाली.

ईस्टरच्या रविवारी मिस्सा सुटली तेव्हा सव्वानऊ झाले होते. नवे कपडे घातलेली माणसं हॉलपाशी जमली. सॅमी जांभळ्या कापडांची चळत घेऊन पेटीकडे निघाला होता, तो थांबला. रोझमेरी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि कुणी चिठ्ठी शोधायच्या आत बोलली. टीव्ही चुकून गेले, ते तिच्या चुकीने गेले आणि परत आले, हे आधी. लोक हसले, कुणीतरी म्हणालं, "टीव्हीने पण सहल केली." मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. जेवढी पाहिली तेवढी, क्रमाने. व्हिन्सेंट मागच्या भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता.

हसणं थांबलं. पुढच्या रांगेतली सेलिन सगळ्यांत आधी बोलली.

"माझ्या फ्रीजात काय हाय म्हनालीस?"

"तांदूळ."

"तांदूळ?"

"दोन गोण्या बसल्यात."

"आनि तो आडवा हाय?"

"पाठीवर. दार वर."

"माझ्या आईने लग्नात दिलेला फ्रीज," सेलिन सगळ्यांकडे वळून म्हणाली, "ह्यांनी पाठीवर झोपवला. आनि ही मला बारा महिने सांगते, मस्त चाललाय."

"मला तेव्हा ठाऊक नव्हतं, सेलिन."

"पन सांगत होतीस ना!"

इमारतीतून आलेले कृष्णा राणे म्हणून एक गृहस्थ होते. मुंबईत सरकारी कचेरीत नोकरीला. शुक्रवारची इस्त्री त्यांची होती. त्यांनी शांतपणे विचारलं, ती अजून गेली नसेल तर परत मिळेल का. रोझमेरीने ती आणून दिली. त्यांनी लाल दोरा सोडून तिच्या हातात ठेवला आणि इस्त्री घेऊन गेले. आणखी दोघांनी देतो म्हणून सांगून ठेवलेल्या वस्तू आता देणार नाही म्हटलं. एक म्हातारा मात्र पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होता की तीन वर्षं नुसते खांब कसे उभे राहतील. टीव्ही एकेक करून निघाले. सेलिन आपला टीव्ही दिराच्या डोक्यावर देऊन गेली, मागे न बघता. अर्ध्या तासात खोली पुन्हा रिकामी झाली.

"मी बोललो होतो," व्हिन्सेंट म्हणाला. त्याने खिशातून नवं कुलूप काढलं, हातात तोललं, आणि परत खिशात टाकलं. "मंगळवारी बघू."

दुपारी दोनला, सगळी वाडी जेवून लवंडलेली असताना, कुंपणापलीकडून हाक आली. सेलिन उन्हात उभी होती, हातात सणाच्या मिठाईचं ताट, पण ते तिने पुढे केलं नाही.

"उंदीर जात नाही ना आत?"

"नाही."

"बघितलंस? की सांगतेस?"

"दार उघडून हात घातला. तांदूळ कोरडे होते. बंद करताना रबर पकडतं. तुझं रबर सगळ्यांत चांगलं आहे."

सेलिनने ताट या हातातून त्या हातात घेतलं. "मग माझ्या भावाचा हाय एक. उमेळ्याला, गोठ्यात. दोन वर्सं मेलेला, मशीन गेलंय. सोमवारी भंगारवाला येनार बोलला दुपारच्याला."

"रबर?"

"ते मी कशाला बघू? तू बघ. तूच बघतेस ना सगळ्यांचं." ताट तिने आता कुंपणावर ठेवलं. "आनि तिथं पोचल्यावर काय भरलं त्यात ते मला नीट सांग. नाचनी तर नाचनी. मस्त चाललाय बोलू नको."

रोझमेरी हॉलमध्ये जाऊन आली. बल्बची फळी तिने भिंतीवरून काढली नाही. मिक्सर, पंखे अजून येतील आणि वीज असलेलं घर कुठेतरी शोधता येईल. पण जुन्या वर्तमानपत्राची एक लांब पट्टी तिने कापून घेतली. ही पट्टी फ्रीजच्या दारात धरायची, दार लावायचं आणि ओढून बघायचं. चारी बाजूंनी. सहज सुटून आली तर नापास.

मंगळवारी व्हिन्सेंट कुलूप लावील की नाही, हे आज रविवारी संध्याकाळी कुणालाच माहीत नाही. सोमवारचं मात्र ठरलेलं आहे. उद्या, १३ एप्रिलला, सकाळी साडेसहा वाजता जितेशचा टेम्पो उमेळ्यात सेलिनच्या भावाच्या गोठ्यापुढे उभा राहील. भंगारवाला येतो दुपारी.